कानापर्यंत पोचलेला हात

ठाकुर्ली स्टेशनच्या पूर्वेला, रेल्वेच्या वीजघराच्या चिमण्या दिसतात त्या अंगाला, चार खोल्यांची एक कौलारू प्राथमिक शाळा होती. १९३१ ते १९५५ या चोवीस वर्षांत तिच्या पटावर सहाशे अकरा मुलांची नावं चढली. त्यांतल्या पाचशे ऐंशी मुलांची जन्मतारीख एक जून होती.

या सगळ्या नोंदी श्रीपाद घैसास मास्तरांच्या हातच्या. अक्षर टाकाचं, ठसठशीत, एकही खाडाखोड नसलेलं. तपासणीला येणारे अधिकारी पट उघडून आधी अक्षराचं कौतुक करत आणि मग पान उलटत. एक जून का, असं चोवीस वर्षांत कोणी विचारलं नाही. विचारणाऱ्यांच्या स्वतःच्या गावातही तेच चालत असावं.

आजूबाजूच्या वाड्यांतले लोक मुलाला घेऊन येत तेव्हा तारीख सांगत नसत. 'भाताच्या लावणीला झाला', 'थोरल्या उधाणाच्या साली', 'हिची मावशी गेली त्याच्या फुडच्या शिमग्याला' असं सांगत. त्यावर मास्तरांचा उपाय ठरलेला होता. मुलाला समोर उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला सांगायचा, आणि बोटांनी डावा कान पकडता आला तर मूल सात वर्षांचं. दापोली तालुक्यात ते स्वतः उमेदवारी करत होते तेव्हा त्यांच्या हेडमास्तरांनी ही रीत शिकवली होती. लहान मुलाचं डोकं मोठं आणि हात आखूड असतो. तो कानापर्यंत पोचत नाही. वय वाढलं की पोचतो. शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून महिना जून, आणि एक तारीख लिहायला सोपी. वर्ष सात मागं.

पटात शेवटचा एक रकाना होता : 'जन्माचा दाखला पाहिला किंवा नाही'. त्यात मास्तर 'पाहिला' असं लिहीत. त्यांनी काहीच पाहिलेलं नसे असं नाही. कान पाहिलेला असे.

गंमत अशी की स्वतः मास्तरांची जन्मवेळ घटका-पळांसकट पत्रिकेत लिहिलेली होती आणि ती त्यांना पाठ होती. शके अठराशे तेवीस, वैशाख वद्य सप्तमी. त्या हिशेबानं १९५६च्या मे महिन्यात ते पंचावन्न पूर्ण करून निवृत्त होणार होते. डोंबिवलीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड, दोन मुली सासरी, पत्नी आवडाबाई. रोज सकाळी रुळांच्या कडेच्या पायवाटेनं ते ठाकुर्लीला चालत येत आणि संध्याकाळी चालत जात. एक वर्ष राहिलं होतं, आणि ते कोणत्याही चौकशीशिवाय जावं एवढीच त्यांची अपेक्षा होती.

त्या वर्षात शकूचा कागद आला.

शकुंतला धाकू म्हात्रे. वडील धाकू वीजघरात कोळसा ओढायला, आई शेवंती शेतावर. १९५१च्या जूनमध्ये आजोबा राघो तिला शाळेत घेऊन आले होते. आईबाप दोघं कामावर होते. किती वर्षांची, असं मास्तरांनी विचारलं. "आसंल सा-सातची," राघोबा म्हणाले. शकूनं हात डोक्यावरून नेला आणि कान धरला. मास्तरांनी लिहिलं : एक जून १९४४. पाहिला.

मुलगी हुशार निघाली. दुसरीत असताना तिनं वर्गाचा हजेरीपट क्रमांकासकट पाठ केला होता, आणि मास्तर चष्मा घरी विसरले की हजेरी शकू घेई. तिसरीत ती चौथीच्या मुलांची गणितं तपासू लागली. चूक सापडली की ती खूण करत नसे. नुसतं त्या मुलाकडे बघे, आणि तो पाटी परत घेई.

ठाण्याला नौपाड्यात एका शिक्षणसंस्थेनं पाचवीपासून एक खास तुकडी काढली होती. तीस मुलं, वेगळे शिक्षक, स्वतंत्र ग्रंथालय. निवड मार्कांवर नव्हती. प्रत्येक मुलाला एकट्याला बसवून बुद्धीची कसोटी घेतली जाई आणि तिच्यातून एक आकडा निघे, त्याला बुद्ध्यंक म्हणत. सर्वसाधारण मुलाचा शंभर. या तुकडीसाठी किमान एकशेवीस.

मास्तरांनी शकूचा अर्ज स्वतः भरला. 'शाळेच्या पटाप्रमाणे जन्मतारीख' या ओळीपुढं पटातली तारीख उतरवून काढली. वीस एप्रिलला शेवंतीनं मुलीला ठाण्याला नेऊन आणलं. धाकूनं त्याआधीच निकाल सांगून ठेवला होता : ठाण्याची माणसं हुशार म्हणाली तर मुलगी शिकेल, नाही म्हणाली तर तिची शाळा चौथीतच संपली, यंदा भाताला येईल. त्यात राग नव्हता. तीन मुलांच्या पाठची मुलगी चौथी झाली हेच त्याला पुष्कळ वाटत होतं.

सहा मेला शेवंती कागद घेऊन मास्तरांच्या डोंबिवलीच्या घरी आली. सुट्टी लागली होती. मास्तर ओसरीत बसून केरसुणीच्या काड्या बांधत होते.

"मास्तर, कागुद आला. वाचा."

त्यांनी वाचला. शकुंतला धाकू म्हात्रे, बुद्ध्यंक एकशे पंधरा, प्रवेश देता येत नाही. तक्रार असल्यास पंधरा दिवसांच्या आत पुराव्यासह लेखी कळवावं.

"काय लिवलंय?"

"नाही म्हणतात."

शेवंती उंच बाई होती. ती दाराच्या चौकटीला हात टेकून उभी राहिली. "मंग शकूच्या बापाला आज सांगू का उद्या?" तिनं विचारलं.

"दोन दिवस थांब," मास्तर म्हणाले. "त्यांच्या कसोटीत काहीतरी चुकलंय. मी चोवीस वर्षं पोरं पाहतोय."

*

कसोट्या घेणाऱ्या बाईंचं नाव उत्तरा कर्णिक. वय अठ्ठावीस, ठाण्याच्याच, मुंबईला जाऊन या विषयाचं शिक्षण घेतलेल्या. नौपाड्यातल्या शाळेत जिन्याखालच्या खोलीत त्यांचं कपाट होतं आणि कपाटात प्रत्येक मुलाची उत्तरपत्रिका. मास्तर तावातावानं आले आहेत हे ओळखून त्यांनी आधी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"मास्तर, मुलगी चांगली आहे. मला आठवते."

"मग एकशे पंधरा कसे?"

"कोळसा आणि तेल यांत सारखं काय, असं विचारलं होतं. म्हणाली, दोन्ही जळतात, आणि दोन्ही हाताला लागली की आई ओरडते." उत्तराबाईंनी कागद काढला. "पहिल्या भागाचे मार्क दिले, दुसऱ्याचे देता येत नाहीत."

"तेवढ्यासाठी पाच गुण गेले का?"

"नाही हो. हे मार्क म्हणजे परीक्षेचे मार्क नव्हेत. बघा." त्यांनी पेन्सिलीनं मांडलं. कसोटीत मुलीनं जितके प्रश्न सोडवले त्यावरून तिचं मानसिक वय निघालं साडेबारा वर्षं, म्हणजे दीडशे महिने. साडेबारा वर्षांच्या मुलाला जे जमतं ते तिला जमतं. त्याला तिच्या खऱ्या वयानं भागायचं आणि शंभरानं गुणायचं. "खरं वय दहा वर्षं दहा महिने. एकशेतीस महिने. दीडशे भागिले एकशेतीस. एकशे पंधरा."

मास्तर त्या मांडणीकडे बघत राहिले. गणिताला ते पक्के होते. खालचा आकडा लहान झाला तर उत्तर मोठं होतं हे त्यांना चौथीच्या मुलांना रोज सांगावं लागे.

"हे खरं वय कुठून घेतलंत?"

"तुमच्या अर्जावरून," उत्तराबाई म्हणाल्या. "अक्षर किती सुंदर आहे तुमचं. आम्ही सगळ्यांना दाखवलं."

मास्तरांनी तांब्यातलं पाणी प्यायलं आणि आणखी काही न विचारता ते निघाले. जिन्याखालून बाहेर पडताना ते छत्री विसरले. उत्तराबाईंनी ती दारापर्यंत आणून दिली आणि विचारलं, "तारखेबद्दल काही शंका आहे का?"

"बघतो," मास्तर म्हणाले.

*

संध्याकाळी शेवंती पुन्हा आली तेव्हा त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला. शकू कधी झाली?

"लराई सरली ना, ती जपानवाल्यांची? भोंगा वाजला व्हता, लोकांनी पेढं वाटलं. त्याच्या दोन दिसांनी ही झाली. हौसाबाय सुईन आलेली. ती म्हनली, आता सस्ताई व्हनार, पोरगी पायगुनाची." शेवंती थांबली. "कंची सस्ताई न् काय."

लढाई संपली पंधरा ऑगस्ट १९४५ला. म्हणजे मुलगी सतरा ऑगस्टची. पटात लिहिलं होतं त्यापेक्षा जवळजवळ सव्वा वर्षानं लहान. कसोटीच्या दिवशी तिचं वय एकशे सोळा महिने होतं. मास्तरांनी मनातच भागाकार केला. एकशे एकोणतीस.

"शाळेत घालताना का नाही सांगितलंस?"

"मी कुठं व्हते? आजा घिऊन आलेला. तुमी तिचा कान धरलाव न् लिवलं." शेवंतीनं आवाज चढवला नाही. "पोर माजी, तारीख तुमची. मंग आता चूक कोनाची, मास्तर?"

ती गेल्यावर आवडाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं.

"एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "लग्नात माझं वय तरी पत्रिकेवरून लिहिलं होतंत ना? की माझाही कान धरवलात?"

"अगं, थट्टा नको."

"थट्टा नाही. तुम्ही गप्प बसलात म्हणून म्हटलं."

मास्तर गप्प बसले होते कारण हिशेब दुसरा होता. एका मुलीची तारीख चुकली असं लिहून दिलं तर पहिला प्रश्न येणार, 'पाहिला' असं का लिहिलंत. दुसरा प्रश्न येणार, बाकी पाचशे एकोणऐंशी तारखांचं काय. निवृत्तीला एक वर्ष. पटात खोटी नोंद हा काही लहान आरोप नव्हता. जिल्ह्यात कुठल्याशा मास्तरांना हजेरीतल्या खाडाखोडीवरून दोन वर्षं चौकशीत काढावी लागली होती, हे त्यांना ठाऊक होतं. आणि गप्प राहिलं तर काहीच होणार नव्हतं. शेवंतीला लिहिता येत नव्हतं. उत्तराबाईंना तारखेची शंका आली होती, पण तेवढ्यावर त्या काही करू शकत नव्हत्या. पंधरा दिवस असेच निघून गेले असते.

आवडाबाईंनी कपबशी उचलली. "तपासणीचे दिपोटी येतील, विचारतील, तुम्ही सांगाल. त्याहून वाईट काय होईल ते सांगा."

"निवृत्तिवेतन अडकेल."

"आणि नाही सांगितलंत तर?"

"तर शकू भाताला जाईल."

"मग झालं की," आवडाबाई म्हणाल्या, आणि आत गेल्या. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी मास्तर आणि शेवंती कल्याणच्या मामलेदार कचेरीत गेले. गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद त्या काळी गावचा पाटील करी आणि महिन्याकाठी तालुक्याला पाठवी. त्यामुळं शकूचा जन्म कुठंतरी लिहिलेला असणार, हे मास्तरांना चोवीस वर्षं माहीत होतं. कल्याण गाडीनं एक स्टेशन. एकदाही ते त्यासाठी गेले नव्हते.

नोंदणी कारकुनानं लाल फडक्यात बांधलेला १९४५चा गठ्ठा सोडला. ऑगस्टचं पान निघालं. त्यावर वाळवीनं एक भोक पाडलं होतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या मृत्यूवर पडलं होतं. सतरा तारखेपुढं लिहिलं होतं : 'धाकू राघो म्हात्रे. स्त्री. जिवंत.'

"नाव नाही," कारकून म्हणाला.

"पाटील लिहितो तेव्हा बारसं झालेलं नसतं," मास्तर म्हणाले.

"ते मलाही कळतं. पण ही शकुंतला हे कशावरून?" कारकुनानं शेवंतीकडे पाहिलं. "बाई, ही तुमचीच मुलगी कशावरून? धाकूला आणखी मुली असतील."

"तीन पोरगे हायेत न् पोरगी एक," शेवंती म्हणाली. "दुसरी पोरगी तुमच्या बुकात गावली तर मना पन सांगा. नवऱ्याला इचारते घरी जाऊन."

कारकून हसला नाही. पण टेबलाच्या पलीकडचा शिपाई हसला, आणि मग कारकुनालाही हसावं लागलं. नक्कल चार दिवसांनी मिळाली. तिच्याबरोबर घरातल्या मुलांच्या संख्येबद्दल पाटलाचा दाखला जोडायचा होता. तो मास्तरांनी स्वतः गावात जाऊन आणला. पाटील म्हणाला, "घैसास मास्तर दाखला मागायला आले, आता पाऊस येनार."

राहता राहिलं पटातली दुरुस्ती. ती भागाच्या शिक्षण तपासनिसांच्या मंजुरीशिवाय होत नसे. गावोगाव त्यांना दिपोटी म्हणत. त्यांचं ऑफिस कल्याणातच होतं. मास्तरांनी अर्ज लिहायला तीन दिवस घेतले. पहिल्या मसुद्यात 'अनवधानानं' असा शब्द होता. तो त्यांनी काढला. दुसऱ्यात 'प्रचलित पद्धतीनुसार' होतं, तेही काढलं. शेवटी चार ओळी उरल्या. मुलीच्या जन्माचा दाखला मी पाहिला नव्हता. डोक्यावरून हात नेऊन कान पकडता येतो का हे पाहून वय लिहिलं. 'पाहिला' ही नोंद खरी नाही. खरी तारीख सोबतच्या नकलेत आहे.

अठरा मेला दुपारी ते तपासनिसांच्या समोर बसले. साहेबांनी अर्ज वाचला, नक्कल वाचली, पाटलाचा दाखला वाचला. मग पट मागितला. मास्तरांनी तो पिशवीतून काढून दिला. साहेबांनी १९५१चं पान उघडलं आणि बोट वरून खाली फिरवलं. एक जून, एक जून, एक जून. बोट तळाशी पोचलं तसं त्यांनी पान उलटलं. पुढच्या पानावरही तेच होतं.

मास्तरांनी हात मांडीवर ठेवले होते.

साहेबांनी टाक दौतीत बुडवला आणि अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं : 'जन्मनोंद पाहिली. दुरुस्ती मंजूर. यापुढील नोंदी दाखला पाहूनच कराव्यात.' सही केली. टिपकागद दाबला. अर्ज परत दिला.

मास्तर उठले नाहीत.

"आणखी काही?" साहेबांनी विचारलं.

"बाकीच्या नोंदींचं, साहेब..."

"बाकीच्यांची तक्रार आली आहे का?"

"नाही."

"मग माझ्यापुढं एकच अर्ज आहे." साहेबांनी पट मिटला. "माझ्या हाताखाली शाळा शंभरावर आहेत, मास्तर. सगळीकडं मुलांना दोन कान आहेत." मग शिपायाला हाक मारून त्यांनी दोन कप चहा मागवला.

चहा पिताना मास्तरांकडून बशीत थोडा सांडला. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

*

वीस मेला ठाण्याला निवड समितीपुढं सुनावणी होती. मुदतीचा तो चौदावा दिवस. समितीचे प्रमुख शाळेचे मुख्याध्यापक प्रभाकरपंत सबनीस. शिस्तीचे, सरळ, आणि या तुकडीच्या बाबतीत फार जपणारे. टेबलाच्या एका बाजूला ते आणि उत्तराबाई, दुसऱ्या बाजूला मास्तर, शेवंती आणि शकू. शकू नवा परकर नेसली होती आणि तिला भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटांचा फरक दिसला होता. तो तिनं आईला हळू आवाजात सांगितला.

प्रभाकरपंतांनी कागद पाहिले. "कागद व्यवस्थित आहेत," ते म्हणाले. "पण माझी अडचण समजून घ्या. प्रवेश नाकारलेली चौदा मुलं आहेत. उद्या चौदाही पालक मुलाचं वय कमी करून आणतील. मी काय करायचं?"

"त्यांनीही तपासनिसांची सही आणली तर त्यांचंही पाहायचं," उत्तराबाई म्हणाल्या. "गणित तेच आहे, सर."

"गणित तेच, पण कान?" प्रभाकरपंतांनी अर्जातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "पावणेसहा वर्षांच्या मुलीचा हात कानापर्यंत पोचत नाही. त्यावरच तर ही पद्धत उभी आहे. मी स्वतः खेड्यात चार वर्षं काढली आहेत. पोचला, याचा अर्थ ती सात वर्षांचीच होती. मग मास्तरांचा पट खरा आणि पाटलाची नोंद कुणा दुसऱ्या मुलीची. झालेली असेल एखादी, राहिली नसेल."

चोवीस वर्षांच्या अनुभवानं मास्तरांचंही मत हेच होतं. पोचला म्हणूनच त्यांनी सात लिहिले होते. उत्तराबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"सायेब," शेवंती म्हणाली, "माजी दुसरी पोरगी मेली आसती तर मना ठाव आसतं." ती उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं खांद्यावर घेतला, उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान धरला. तिथं ती थांबली नाही. हात आणखी खाली आला, कानाची पाळी ओलांडून जबड्यावर, आणि बोटं हनुवटीला टेकली. "आमच्या म्हायेरची सगली आशीच. बापाला आंबं कारायला बांबू लागला नाय कदी. शके, तू दाखव."

शकूनं दाखवलं. तिची बोटं गालाच्या मध्यापर्यंत गेली.

प्रभाकरपंतांनी दोघींकडे पाहिलं. मग अगदी नकळत त्यांचा स्वतःचा उजवा हात वर गेला, टकलावरून पलीकडं उतरला आणि कानाच्या वरच्या कडेशी थांबला. पुढं जाईना. उत्तराबाईंनी कागदात बघण्याचं निमित्त केलं.

"हं," प्रभाकरपंत म्हणाले आणि हात खाली घेतला. "मुलींनो, बसा." शेवंती पस्तिशीची होती, पण ती बसली. मग त्यांनी उत्तराबाईंना विचारलं, "बाई, नवा आकडा किती येतो?"

"एकशे एकोणतीस."

"लिहा."

उत्तराबाईंनी लिहिलं. प्रभाकरपंतांनी सही केली आणि मग मास्तरांकडे वळून, थोड्या कोरड्या आवाजात, विचारलं, "मास्तर, आमच्याकडं आलेल्या अर्जांत एक जूनची आणखी किती मुलं असतील?"

"माझ्या शाळेतली ही एकच होती."

"मी तुमच्या शाळेचं विचारत नाही," प्रभाकरपंत म्हणाले. "बाई, अर्ज काढून ठेवा सगळे. नाकारलेल्या मुलांत जेवढी एक जूनची असतील त्यांना पत्र घाला. जन्मनोंद मागवा."

उत्तराबाईंनी मान हलवली. त्या हे काम महिनाभर करत बसणार होत्या, पण चेहऱ्यावर तसं दिसत नव्हतं.

*

परत येताना मास्तर दोघींना सोडायला ठाकुर्लीपर्यंत आले. उतरल्यावर शकूनं विचारलं, "मास्तर, मी आता लहान झाले का?"

"चौदा महिन्यांनी."

"मग दादापेक्षा मी आनखी लहान. तो आता जास्तच मारंल."

"मारलं तर मला सांग."

"तुमी काय करनार?" शेवंती म्हणाली. "त्याचा पन कान धरनार?" आणि फलाटावर ती एकटीच मोठ्यानं हसली. सकाळपासून ती पहिल्यांदा हसत होती. मग तिनं मास्तरांना वाकून नमस्कार केला. त्यांना तो आवडला नाही, पण त्यांनी पाय मागं घेतले नाहीत.

धाकूला बातमी शकूनंच सांगितली. तो वीजघरातून आला होता आणि हातपाय धूत होता. ऐकून म्हणाला, "सायेब हुशार म्हनला?"

"एकशे एकोनतीस म्हनला."

"शंभरात?"

"शंभराच्या वर."

धाकूनं यावर थोडा विचार केला. "मंग जा," तो म्हणाला, आणि उरलेलं पाणी पायांवर ओतलं.

सात जूनला शाळा सुरू झाली. मास्तरांनी पटाचं १९५१चं पान उघडून 'एक जून १९४४' वर तांबड्या शाईनं एक सरळ रेघ ओढली आणि वर लिहिलं, '१७ ऑगस्ट १९४५, साहेबांचे हुकुमावरून'. त्या वहीतली ही पहिली खाडाखोड. त्या दिवशी नवी नावं घालायला अकरा मुलं आली होती. पहिल्याच मुलानं, कोणी न सांगता, हात डोक्यावरून नेला. त्याला घरून शिकवून पाठवलं होतं. मास्तरांनी त्याचा हात खाली घेतला आणि त्याच्या बापाला सांगितलं, "आधी पाटलाकडं जा, दाखला आण. घाई नाही, मी इथंच आहे." बाप पुटपुटत गेला. दुपारपर्यंत अकरांतले चार दाखले आले. बाकीच्या सात ओळी त्यांनी पेन्सिलीनं लिहून ठेवल्या.

निवृत्ती पुढच्या मे महिन्यात ठरल्या दिवशी झाली. चौकशी झाली नाही. पहिलं निवृत्तिवेतन आलं तोवर शकू सहावीत गेली होती, आणि ठाण्याच्या त्या तुकडीत आणखी तीन मुलं वाढली होती, तीनही पूर्वी एक जूनची.

पण हे सगळं पुढचं. वीस मेला, ठाण्याहून परतल्यावर, मास्तरांनी टोपी खुंटीला अडकवली, जेवले आणि ओसरीतल्या चटईवर आडवे झाले. दुपारी झोपण्याची त्यांना सवय नव्हती. आवडाबाईंच्या आठवणीत ते दिवसा कधी झोपले नव्हते. चारला त्यांनी चहा टाकला, कप घेऊन बाहेर आल्या, आणि नवऱ्याचा श्वास संथ चाललेला पाहून कप परत आत नेला. चहा त्यांनी स्वतः प्यायला. मास्तरांना उठवलं दिवेलागणीला.